कर्ट अँगल: डब्ल्यूडब्ल्यूई सोडल्यानंतरची दहा वर्षं कुणी बघितली का?

तिसरी फळी (धागाकर्ता)

परवा यात्रेच्या मैदानासाठी कुस्त्या नेमायची बैठक होती. नेहमीचंच: ह्याचा पैलवान त्याच्याशी धरायला तयार नाही, त्याच्या वस्तादाला इनाम कमी वाटतंय, आणि कमिटीतला एक जण दर दहा मिनिटांनी चहा सांगतोय. कोपऱ्यात भावकीतला कॉलेजचा पोरगा मोबाइलवर रेसलिंग बघत होता. मी सहज म्हटलं, कर्ट अँगल बघ रे, खरा पैलवान तो. तर म्हणतो, "तो टकला जनरल मॅनेजर ना?"

रात्री झोप लागली नाही मर्दानो. म्हणून हा धागा.

आमच्या पिढीला अँगल भेटला पत्त्यांत. मधल्या सुट्टीत उंची, वजन, छाती, दंड, रँक यावर खेळायचो ते पत्ते. अँगलचा पत्ता हातात असताना समोरच्यानं उंची बोलली की तो गेलाच. मग टीव्हीवर दिसला: गळ्यात सुवर्णपदक, अंगात लाल-पांढरा-निळा पोशाख, आणि तो आत येताना त्याच्या गाण्याच्या ठेक्यात अख्खं स्टेडियम 'यू सक' ओरडतंय. आम्हाला अर्थ माहीत नव्हता, आम्हीही ओरडायचो. आईनं एकदा विचारलं, काय म्हणताय रे? थोरला भाऊ म्हणाला, 'जय हो' म्हणतात. आई म्हणाली, म्हणा मग.

खरं ते पदक नाटकातलं नव्हतं. हा माणूस क्लॅरियन युनिव्हर्सिटीकडून खेळून १९९० आणि १९९२ ला अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीत हेवीवेटचा विजेता. १९९५ ला १०० किलो फ्रीस्टाइलमध्ये जगज्जेता. १९९६ च्या ऑलिंपिक निवडीच्या वेळी मानेचे मणके दुखावले, त्याच मानेवर अटलांटाला उतरला. फायनलला समोर इराणचा अब्बास जदीदी. वेळ संपली तेव्हा १-१. पंचांची खलबतं झाली. मधला पंच दोघांचे हात धरून उभा, आणि हात वर झाला अँगलचा. जदीदी पंचाशी हुज्जत घालतोय आणि अँगल गुडघ्यावर बसून लहान पोरासारखा रडतोय. आपल्या मैदानात ती कुस्ती बरोबरीत सोडवली असती आणि इनाम अर्धं-अर्धं वाटलं असतं. दोघंही चिडून घरी गेले असते ते वेगळं.

मग धंदेवाईक कुस्ती. सुरुवातच विनोदी. ऑक्टोबर १९९६ मध्ये ईसीडब्ल्यू नावाच्या कंपनीनं त्याला कार्यक्रमाला बोलावलं. तिथं त्याच रात्री एका पैलवानाला क्रुसावर बांधण्याचा देखावा झाला. अँगल भडकला. माझा चेहरा या प्रकाराच्या कार्यक्रमात दाखवलात तर कोर्टात खेचेन, असं मालकाला सांगून निघून गेला. नंतर १९९८ ला डब्ल्यूडब्ल्यूएफशी (म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईशी) करार, मेम्फिसला तयारी, आणि नोव्हेंबर १९९९ च्या सर्व्हायव्हर सिरीजला टीव्हीवर पहिली मोठी लढत. वर्ष पुरं व्हायच्या आत, ऑक्टोबर २००० ला, रॉकला पाडून चॅम्पियन. एवढ्या लवकर एवढं वर गेलेला दुसरा मला तरी आठवत नाही. सप्टेंबर २००१ ला पिट्सबर्गला, म्हणजे स्वतःच्या गावी, ऑस्टिनकडून चॅम्पियनचा पट्टा घेतला. अमेरिकेवरच्या हल्ल्याला तेव्हा बारा दिवस झाले होते. घरची माणसं रिंगमध्ये आली होती.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. दुधाची टाकी, चिमुकल्या काऊबॉय टोप्या, सगळे विनोदी प्रकार. माझं म्हणणं पुढच्याबद्दल आहे. ऑगस्ट २००६ ला त्यानं डब्ल्यूडब्ल्यूई सोडली आणि महिन्याभरात टीएनए या दुसऱ्या रेसलिंग कंपनीत गेला. तिथं जवळजवळ दहा वर्षं काढली, म्हणजे पहिल्या डब्ल्यूडब्ल्यूईपेक्षा जास्त. सहा वेळा त्यांचा वर्ल्ड चॅम्पियन. मध्ये जपानला जाऊन आला. आणि आपल्याकडचे म्हणतात, "२००६ ला संपला, २०१७ ला मॅनेजर म्हणून आला." ही दहा वर्षं कुणी बघितली असतील तर लिहा. मी बघितलीत, आणि माझ्या मते कुस्ती म्हणून अँगल तिथंच जास्त चांगला होता.

टेन वाजता

धागा वाचनखूण म्हणून ठेवला. त्या पत्त्यांसाठी मी वहीची पानं फाडून मार खाल्लाय.

माझ्यासाठी अँगल म्हणजे रेसलमेनिया १९ (डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम), मार्च २००३, समोर ब्रॉक लेस्नर. आमच्याकडं केबल नव्हती, शेजारच्या काकांकडं बघायचो. काकांचे वडील खाटेवर पडून, जुने पैलवान, कान चुरगाळलेले. त्यांचा एरवी नियम, "बंद करा ते माकडचाळे." शेवटी लेस्नर दोरावर चढला, उलटी कोलांटी मारायला उडाला आणि थेट डोक्यावर आपटला. म्हातारा खाटेवर ताठ बसला. म्हणाला, "मान गेली त्याची. थांबवा." आम्ही म्हटलं, आजोबा, हे खोटं असतंय. ते म्हणाले, "पडणं खोटं नसतंय."

लेस्नर उठला, अँगलला खांद्यावर घेऊन आपटला आणि कुस्ती संपवली. नंतर कळलं, मोडकी मान त्या दिवशी खरं तर अँगलचीच होती. एप्रिलमध्ये त्याचं मानेचं ऑपरेशन झालं.

टीएनए मात्र बघितलेलं नाही. ती सहा कोनांची रिंग बघून चॅनेल बदलायचो.

लाल माती

दोघांचंही वाचलं. मी चौदा वर्षं तालीम केली, त्यातली पाच कोल्हापुरात. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

ऑलिंपिक सुवर्ण असलेल्या माणसानं नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली, कुस्ती करायची? खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. त्यानंतर या देशाला वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली, आणि ते मिळालं याच १९९६ च्या अटलांटात, लिअँडर पेसला, टेनिसमध्ये. तिथंच सुवर्ण घेतलेला माणूस पुढं ठरवून पडतो, ठरवून जिंकतो, डोक्यावर दूध ओतून घेतो. आमच्या वस्तादांकडं एकदा एका पैलवानानं पैसे घेऊन बरोबरी सोडवल्याचं कळलं. वस्ताद बोलले काही नाहीत. त्याचा लंगोट खुंटीवरून काढला आणि दाराबाहेरच्या दगडावर ठेवला. तो समजला.

कंपनी एक असो नाहीतर चार, मला फरक पडत नाही.

तिसरी फळी

दादा, राग कसला. तुमच्या त्या लंगोटाच्या गोष्टीवर उत्तर नाही माझ्याकडं.

खरं एक फरक बघा. तुमच्या तालमीतल्यानं लोकांना फसवलं. लोक निकाली कुस्ती बघायला आले होते आणि त्यानं पैसे खाल्ले. अँगलच्या धंद्यात लोकांना माहीत असतंय. तिकीट काढणाऱ्याला निकाल ठरलेला आहे हे ठाऊक, पडणाऱ्याला ठाऊक. बघायचं असतंय ते कसं पडतोय. तुमच्या वस्तादांनी लंगोट बाहेर ठेवला तो खोटेपणासाठी, नाटकासाठी नाही.

आणि नाटकात सुद्धा त्याची कुस्ती लपत नाही. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, काढताना डोकं कुठं ठेवतो बघा. बाकीचे तिथं पट काढल्यासारखं करतात. हा काढतो.

चिकोडीची अक्का

कुस्तीवर बाई लिहितेय म्हणून कुणी दचकू नका, माझं माहेर एकसंब्याच्या बाजूचं. तिथं लहान मूल आधी श्रीपती खंचनाळे म्हणायला शिकतंय, मग अ आ इ. पहिले हिंदकेसरी, १९५९, आमच्या चिकोडी तालुक्यातले. गावच्या मातीतून कोल्हापूरला गेले, शाहूपुरी तालमीत घडले, दिल्लीत बंतासिंगला हरवून आले. डिसेंबर २०२० मध्ये गेले तेव्हा माझे वडील दिवसभर जेवले नाहीत.

हे सांगायचं कारण, पैलवान जागा बदलतो यात कमीपणा काय? जिथं खुराक, जिथं जोड, तिथं तो जाणार. सीमेच्या अलीकडच्या गावातली पोरं पलीकडच्या तालमीत वाढली, दोन्हीकडच्या मैदानांत लढली. आमच्याकडच्या एका तालमीला अर्धे लोक तालीम म्हणतात, अर्धे कानडीत गरडी मनी म्हणतात, आत गेल्यावर जोर तेवढेच मारायचे.

मला अँगलबद्दल दुसरंच खटकतं. लाल माती दादांना नाटक खटकतंय, मला गोळ्या खटकतात. त्यानं स्वतःच मुलाखतीत सांगितलंय की एक काळ दिवसाला पासष्ट वेदनाशामक गोळ्या घेत होता. पासष्ट! मी औषधाच्या दुकानात बसते, एक स्ट्रिप दहाची असते, हिशेब करा. २०१३ ला व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि सुटला, त्याबद्दल मानते. पण धागाकर्ते म्हणतात 'टीएनएत जास्त चांगला होता', त्यातली बरीच वर्षं त्या गोळ्यांवरची आहेत. चांगला दिसत होता म्हणा.

तिसरी फळी

अक्का, हे मी लिहायला हवं होतं, टाळलं. कबूल.

उलट मला वाटतं डब्ल्यूडब्ल्यूई सुटली ती त्या दुखण्या-गोळ्यांमुळंच. तिथं आठवड्याला चार-पाच रात्री कुस्ती, रोज नवं गाव. टीएनएचं बहुतेक चित्रीकरण ऑर्लँडोच्या एकाच स्टुडिओत, दिवस कमी. मान मोडलेल्या माणसाला ते परवडणारं होतं. पण दिवस कमी झाले म्हणून त्यानं कुस्ती कमी केली नाही, हीच गडबड.

हलगी

धाग्यात 'बेळगावी' आलं नाही अजून, आश्चर्य आहे.

खानापूरचा पाऊस

@हलगी बेळगाव. आणि हा विषय इथं नको, त्यासाठी साडेतीनशे प्रतिसादांचा वेगळा धागा आहे, तिकडं जा आणि तिकडंच भिजा.

निपाणीचा जावई

जपानचा भाग मी लिहितो, कारण धागाकर्त्यांनी एका ओळीत गुंडाळलाय आणि गंमत तिथंच आहे.

न्यू जपान कंपनीचा आयडब्ल्यूजीपी पट्टा लेस्नरकडं होता. २००६ ला त्यांचं बिनसलं, कंपनीनं त्याचं विजेतेपद काढून घेतलं, पण पट्टा ह्या पठ्ठ्यानं दिलाच नाही. इकडं कंपनीनं नवा विजेता केला. म्हणजे विजेता एकीकडं, पट्टा दुसरीकडं. मग इनोकींनी, होय, तेच अंतोनियो इनोकी ज्यांनी १९७६ ला कराचीत अक्रम पैलवानाशी कुस्ती केली, न्यू जपान सोडून आयजीएफ नावाची नवी कंपनी काढली आणि लेस्नरच्या हातातला पट्टाच खरा, असं ठरवलं. २९ जून २००७ ला टोकियोत त्यांच्या पहिल्याच कार्यक्रमात अँगलनं लेस्नरचा घोटा पिरगाळून त्याला हात आपटायला, म्हणजे हार मानायला, लावलं. पट्टा अँगलकडं.

अक्रम म्हणजे गामा पैलवानांचा पुतण्या. म्हणजे बघा लाल माती दादा, आपली माती, इनोकी, अँगल, सगळं एका हाताच्या अंतरावर आहे.

पुढं ४ जानेवारी २००८ ला टोकियो डोममध्ये युजी नागाताला हरवून अँगलनं तो पट्टा राखला, आणि फेब्रुवारीत शिन्सुके नाकामुराकडून हरला. तेव्हा दोन पट्ट्यांचा एक झाला. आपल्याकडं एकाच किताबाच्या दोन कमिट्या आणि दोन गदा होतात, तसलाच प्रकार. फक्त जपान्यांनी मिटवला.

मधल्या काळात, ऑगस्ट २००७ ला, टीएनएत समोआ जो नावाच्या पैलवानाशी सगळ्या पट्ट्यांची एकच कुस्ती झाली आणि अँगल चार पट्टे घेऊन बाहेर आला. त्यात जोडीचासुद्धा होता, म्हणजे एकट्या माणसाकडं जोडीचा पट्टा. खांद्यावर उसाची मोळी घेतल्यासारखा दिसत होता.

टेन वाजता

हाच, हाच मूर्खपणा म्हणून मी टीएनए बघितलं नाही. आणि अँगलचं घरचं भांडणसुद्धा कथेत घातलं त्यांनी.

तिसरी फळी

कथा भिकार होत्या, त्यावर वाद नाही. २०१० ला हल्क होगन आला आणि सहा कोनांची रिंगही गेली, तेवढंच काय ते वेगळं होतं त्यांच्याकडं.

मी कथेचं बोलतच नाही. एक कुस्ती बघा फक्त. १९ नोव्हेंबर २००६, टीएनएचा जेनेसिस नावाचा कार्यक्रम, समोर समोआ जो. जो जवळजवळ दीड वर्ष तिथं न हरलेला. भरदार गडी, पण पायानं चपळ. अँगलची नव्या कंपनीतली पहिली कुस्ती. सुरुवातीची मिनिटं दोघं नुसती खडाखडी करतात. मनगट, मान, मनगट. जो वजन टाकून त्याला खाली दाबतो, अँगल गुडघा टेकू देत नाही, कंबर फिरवून मागं जातो. नाटकात याची गरज नसते. दोन बुक्क्या मारल्या तरी लोक ओरडतात. शेवटी घोट्याची पकड, ती त्यानं केन शॅमरॉककडून उचलली. एकदा धरली, जो निसटला, परत धरली. जोनं हात आपटला.

दुसरी गोष्ट. २००६ ला ज्या माणसाचं शरीर संपलं म्हणत होते तो त्यानंतर नऊ वर्षं मोठ्या लढतींत होता. २०१३ ला टीएनएनं हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तर माझं काम अजून संपलेलं नाही म्हणून मानायलाच तयार नव्हता. २०१६ च्या सुरुवातीला लॅशलीशी शेवटची कुस्ती करून तिथून निघाला.

पुणे मुक्काम

अवांतर, पण विषयाला धरून. टीएनएनं २०१२ ला भारतात 'रिंग का किंग' केलं होतं, कलर्सवर लागायचं. चित्रीकरण पुण्यात, बालेवाडीला. हरभजन सिंग प्रचाराला. पहिला विजेता मॅट मॉर्गन. मी तेव्हा हिंजवडीत नवा, गावाकडचे दोन पैलवान मित्र बेळगावहून एसटीनं आले होते, त्यांना घेऊन गेलो. त्यांनी अँगल येणार समजून अर्धं गाव सांगून ठेवलं होतं. अँगल नव्हताच त्यात. एक जण स्कॉट स्टायनरचे दंड बघून म्हणाला, "ह्याला आपल्या मातीत धर, दोन मिनिटांत दम जातोय की नाही बघ." दुसरा गप्प होता. परतताना वाकडला पावभाजी खाताना म्हणाला, "महिन्याला पगार असतंय काय रे ह्यांना?"

तो आता बेळगावात मराठा सेंटरच्या बाजूला गाडा चालवतो. तालीम केव्हाच सुटली.

चिकोडीची अक्का

@पुणे मुक्काम, हा प्रश्न लाल माती दादांना विचारा.

लाल माती

अक्का, टोचलंत. ठीक आहे.

पगार नव्हता. दूध-बदाम घरचं, म्हैस विकून. मैदानात जिंकलो तर इनामातलं निम्मं खुराकाच्या उधारीत. गुडघा गेल्यावर घरी आलो, तेव्हा हातात दोन गदा आणि एक फेटा. त्या गदा आता देव्हाऱ्याशेजारी आहेत, दिवाळीला पुसतो. अँगलनं सुवर्णपदकाचं काय करावं हे मी कोण सांगणार, हे काल रात्री मनात आलं. तरी नुरा ती नुराच.

दुसरं. तिसरी फळीनं सांगितलेली कुस्ती मुलानं टीव्हीवर लावून दिली. त्या जाड्यानं पाय मागं घेऊन छाती खाली सोडली आणि हा त्याच्या बगलेतून मागं निघाला, ते मी तीन वेळा मागं नेऊन बघितलं. ते कुणी शिकवल्याशिवाय येत नाही. घोटा धरतो तेव्हा मात्र समोरचा दोराला हात लावतो आणि सोडावं लागतं, हे काय? आखाड्याला दोर नसतात म्हणून बरं.

तिसरी फळी

दादा 🙏 तीन वेळा!

टेन वाजता

मीही बघितली आता. पहिली पाच मिनिटं कंटाळलो. नंतर नाही. २०१७ ते २०१९ बद्दलही कुणीतरी लिहा. ऑक्टोबर २०१७ ला रोमन रेन्स आजारी पडला म्हणून अँगलला त्याच्या जागी शील्ड या रेन्सच्या टोळीचं काळं जाकीट घालून उतरवलं, ते बघून मला रडू आलं होतं, हसून की कसं ते सांगता येत नाही.

निपाणीचा जावई

त्याबद्दल लिहिण्यासारखं थोडंच. मार्च २०१७ ला हॉल ऑफ फेम, मग डब्ल्यूडब्ल्यूईच्या रॉ या कार्यक्रमाचा जनरल मॅनेजर, आणि ७ एप्रिल २०१९ ला रेसलमेनियात बॅरन कॉर्बिनकडून हरून निवृत्ती. शेवटची कुस्ती कॉर्बिनशी! कुस्त्या नेमणाऱ्या कमिटीला तिथंही अक्कल नाही एवढंच कळलं.

तिसरी फळी

आमच्या कमिटीचं काल ठरलं एकदाचं. अठरा कुस्त्या, शेवटची निकाली, वेळेचं बंधन नाही. सकाळी मातीत ताक, तेल आणि हळद पडली. भावकीतल्या त्या पोराला फावडं दिलंय माती उकरायला. मोबाइल खिशात ठेवून उकरतोय. लाल माती दादा, रविवारी येणार असाल तर कळवा, पंचांत एक जागा रिकामी आहे.

लाल माती

येतो. खरं मधल्या फळीतल्या कुस्त्या द्या, निकालीला मला उभं करू नका. गुडघा साथ देत नाही एवढा वेळ.